आवाजाचे माप

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांनी लाकूड विकले. भवानी पेठेतील टिंबर मार्केटात वखार, वखारीच्या दर्शनी भागात पेढी आणि पेढीच्या भिंतीवर आजोबांच्या काळची पितळी टोकांची मोजपट्टी. साग असो वा देवदार, लांबी-रुंदी-जाडी घ्यायची, घनफूट काढायचे, वहीत मांडायचे. गिऱ्हाइकाला शंका आली तर त्याने पट्टी हाती घ्यावी आणि स्वतः मोजावे. असल्या व्यवहारात हयात घालवलेल्या माणसावर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी उंची ध्वनियंत्रांच्या प्रदर्शनात मालक म्हणून बसण्याचा प्रसंग आला. तेथे माझ्या हातून जे घडले, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवतो. सांगताना संकोच वाटतो. पण न सांगणे अधिक जड जाते.

धाकट्या भावाचा मुलगा अभियंता. हिंजवडीतील नोकरी सोडून त्याने स्पीकर बनवण्याचा उद्योग आरंभला, तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही. जागा त्याने घेतली ती मुळशी तालुक्यातील चांदे येथे. सूस, नांदे मागे टाकून पुढे गेले की भाताची खाचरे लागतात आणि त्या खाचरांच्या डोक्यावरून आयटी पार्कच्या काचेच्या इमारती डोकावतात. जुने आणि नवे इतके खेटून उभे असलेले गाव मी दुसरे पाहिले नाही. एका बाजूस बैल बांधलेला असतो, दुसऱ्या बाजूस ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी. तेथे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा कारखाना आहे आणि शेडच्या आत, दुहेरी विटांच्या भिंती घालून बांधलेली ऐकण्याची खोली. भाडे परवडणारे आणि रात्री शांतता, या दोन कारणांसाठी त्याने चांदे निवडले. मुळशीच्या पावसाचा हिशेब मात्र राहून गेला. आषाढ-श्रावणात पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की विटांच्या भिंतींचा काही उपयोग होत नाही. मग ऐकण्याचे काम थांबते आणि रंधा चालतो.

लाकडाचा व्यापारी म्हणून मला त्याच्या धंद्यातील एकच गोष्ट आरंभापासून कळली, ती म्हणजे खोके. आम्ही मिरजेला जाऊन तंबोरे घडताना पाहिले आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि घोडीवर दोरा सरकवून जवारी लावणारा कारागीर. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या गावाचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले. तंबोऱ्याच्या भोपळ्याने गायला हवे. त्यासाठीच तो निवडतात. स्पीकरच्या खोक्याने मात्र तोंड उघडता कामा नये. आतला पडदा हलतो, त्याने हवा हलते आणि आवाज होतो. त्याच वेळी खोक्याच्या भिंतीही थरथरू लागल्या तर गाणाऱ्याच्या गळ्यात खोक्याचा गळा मिसळतो. म्हणून पुतण्या जाड बर्च प्लायवूड वापरतो, आत आडव्यातिडव्या पट्ट्या ठोकतो आणि बाहेरून सागाचे व्हेनियर चढवतो. पहिल्या वर्षी त्याचे खोके मी बोटाच्या पेराने ठोकून पाहिले आणि म्हणालो, “हा बोलतोय रे.” त्याने ते सगळे मोडून पुन्हा केले. माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवाचा त्याला झालेला तेवढाच उपयोग.

स्पीकर पारखायला तो तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावतो. ढोलताशा कशावरही दणदणीत वाजतो. जवारीतून उठणारे सूक्ष्म स्वर, एकावर एक उमलत जाणारे, हे चांगल्या यंत्रातच सुटे ऐकू येतात. साध्या यंत्रात त्यांची नुसती गुणगुण होते.

तर हे प्रदर्शन. मुंबईतील एका मोठ्या हॉटेलात तीन दिवसांचे. जगभर अशी प्रदर्शने बहुधा हॉटेलांतच भरत आली, कारण ही यंत्रे घरच्या दिवाणखान्यासाठी असतात आणि हॉटेलची खोली आकाराने दिवाणखान्याच्या जवळ जाते. युरोपातील सर्वांत मोठे प्रदर्शन २००४ पासून २०२५ पर्यंत म्युनिकच्या एका मोठ्या प्रदर्शन-संकुलात भरत होते आणि २०२६ पासून ते व्हिएन्नाला नेण्याचे ठरले. तेथे मांडणे हे या क्षेत्रातील कारागिराचे स्वप्न. आपल्याकडच्या माणसांनी तेही केले आहे: कोचीत बनणारे ‘रेथम’ स्पीकर परदेशी प्रदर्शनांत वाजले, आणि आपल्या पुण्यात ‘कॅडेन्स’ या नावाने जे स्पीकर बनले त्यांत कागदी शंकूऐवजी अतिशय पातळ पडदा विजेच्या उच्च दाबाखाली हलतो. तबकडीसाठी आपल्याकडे ध्वनिमुद्रण झाले १९०२ मध्ये, कलकत्त्यात, आणि गौहरजान तेथे गायल्या. एका बाजूवर तीन मिनिटे. त्या तीन मिनिटांत अख्खा राग बसवणाऱ्या गवयांची दमछाक आणि आज एका खोलीत गायकाचा श्वास ऐकू यावा म्हणून चाललेली ही खटपट, यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे; धडपड एकच.

मांडणीचा दिवस मी विसरणार नाही. बेचाळीस किलोचे एकेक खोके हॉटेलच्या मालवाहू लिफ्टमधून नवव्या मजल्यावर न्यायचे. पलंग उभा करून भिंतीशी लावला, गाद्या कोपऱ्यांत रचल्या. मला वाटले, जागा करण्यासाठी. पुतण्याने सांगितले की खोलीची लांबी पाच मीटर आहे. एवढ्या खोलीत चौतीस हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो, आणि गाद्या त्यातला थोडा तरी गिळतात. खुर्ची अर्धा हात मागे घेतली तर खर्ज फुगायचा, पुढे आणली तर पातळ व्हायचा. ज्या मालाचे रूप खुर्चीगणिक बदलते तो विकायचा कसा, हा प्रश्न माझ्या व्यापारी बुद्धीला तेथेच पडला. दुसरी अडचण शेजाऱ्यांची. आमच्या एका अंगाला मोठ्या परदेशी मालाचा वितरक होता आणि त्याचा खर्ज भिंतीतून थेट आमच्या तंबोऱ्यात शिरत होता. विनंती केली की तो अर्धा तास आवाज कमी करी, मग पुन्हा तेच. बाजारपेठेत शेजारच्या दुकानाने पदपथावर माल मांडावा तसा हा प्रकार.

लोक आले, पुष्कळ आले. बहुतेकांच्या खिशात स्वतःचा पेनड्राइव्ह. ईगल्स या अमेरिकन चमूचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ तीन दिवसांत किती वेळा वाजले, याची मोजदाद मी दुसऱ्या दिवशी दुपारी सोडून दिली. एका तरुणाने लाखाच्या वर किमतीच्या तारेविषयी मला वीस मिनिटे समजावले. तार तांब्याचीच होती. आमचा माल पहिल्यापासून मोजून घेण्याचा असल्याने मी विचारले, दोन तारांतला फरक डोळे मिटून ओळखता येईल का? तो हसला आणि दुसऱ्या खोलीकडे निघून गेला. मला त्याचा राग आला नाही. पण ज्या वस्तूची परीक्षा देण्यास विकणाराच राजी नाही, तिच्या वाटेला आपल्या लोकांनी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक दांपत्य आले. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, बाई शाळेत संगीत शिकवलेल्या. ती दोघे पहिल्या रांगेत बसली आणि बोलली नाहीत, हे विशेष. प्रदर्शनात लोक ऐकण्यापेक्षा बोलतातच अधिक. आपल्याला श्रावक म्हणतात, म्हणजे ऐकणारा. व्यापारात बसलो की आपणही सर्वांत कमी तेच करतो. बाईंनी कुमार गंधर्वांचे एक निर्गुणी भजन मागितले आणि ते संपेपर्यंत डोळे उघडले नाहीत. मग गृहस्थांनी विचारले, “ही जोडी घेतली तर पश्चात्ताप होणार नाही, हे कशावरून?”

त्यासाठीच पुतण्याने एक सोय करून ठेवली होती. एका मित्राकडून परदेशी बनावटीचे नावाजलेले स्पीकर आणले होते, आमच्या जोडीच्या चौपट किमतीचे. एक बटण दाबले की आवाज या जोडीतून त्या जोडीत जाई. आमची जोडी पावणेदोन लाखांची. तुलनेत ती कोठे उभी राहते, ते गिऱ्हाइकाने स्वतः पाहावे.

आता येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. दोन आवाजांची तुलना करताना दोन्ही सारख्याच मोठ्या पातळीवर वाजायला हवेत. एक जरासा मोठा असला तर ऐकणाऱ्याला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो: अधिक भरदार, अधिक स्पष्ट, अधिक जिवंत. फरक डेसिबलभर किंवा त्याहून कमी असला तर कानाला मोठेपणा कळतच नाही, परिणाम मात्र होतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. आवाज वाढवत नेला की खर्ज भरत जातो. त्यामुळे थोडा आवाज वाढवला की यंत्राला न मागता वजन येते. त्यातही स्पीकर-स्पीकरमध्ये भेद. तेवढ्याच विजेवर परदेशी जोडी आमच्यापेक्षा तीन डेसिबल मोठी वाजे. म्हणून पुतण्याने खुर्चीवर ध्वनिमापक ठेवून दोहोंची पातळी सारखी करून घेतली होती आणि पुठ्ठ्यावर दोन आकडे लिहून ठेवले होते: आपली जोडी, ४६, त्यांची जोडी, ४०. अँप्लिफायरवरचा एकेक आकडा अर्ध्या डेसिबलचा. जोडी बदलली की आकडा बदलायचा.

त्या वेळी दाराशी कोणीतरी पुतण्याला अडवले होते, म्हणून रिमोट माझ्या हाती होता. परदेशी जोडी वाजली, ४० वर. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. मी बटण दाबून आमची जोडी लावली आणि आकडा वर नेला. ४६ वर थांबायचे होते. मी ४८ वर थांबलो.

बोट चुकले, असे म्हणता आले असते. पण पुन्हा एकदा त्यांच्या जोडीवर जाऊन परत आलो, तेव्हाही मी ४८ वरच थांबलो. दोनदा चुकणारे बोट नसते. खोलीचे भाडे, टेंपो, तीन रात्रींचा मुक्काम, सगळे मिळून दीड जोडीच्या किमतीचा खर्च झाला होता आणि दोन दिवसांत एकही मागणी नव्हती. भावाचे घर गहाण होते. ही कारणे आहेत; ती मी तेव्हाही मनाशी घोळवत होतो.

गृहस्थ म्हणाले, “चौपट पैसे कशाला द्यायचे? हीच उजवी वाटते.” त्यांनी चेकबुक आणले होते, असे दिसले.

पुतण्या परत आला. त्याने अँप्लिफायरवरचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. पाहुण्यांसमोर मला एक शब्द बोलला नाही. त्या दोघांना म्हणाला, “साहेब, आत्ताची तुलना बरोबर झालेली नाही. आमची जोडी एक डेसिबल वर वाजत होती. पुन्हा ऐकून घ्या.”

पुन्हा ऐकले. या वेळी बाई म्हणाल्या, “तंबोरा यावर छान आहे. पण गळा त्यावर.” गृहस्थांनी आकडे दोनदा विचारले, वहीत लिहून घेतले, आणि नम्रपणे म्हणाले, “घरी जाऊन विचार करतो.” हे वाक्य कोणत्याही दुकानदाराला कळते.

रविवारी रात्री सामान टेंपोत भरून आम्ही निघालो. खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत मी बोललो नाही. मग विचारले, “एक डेसिबल म्हणजे असे किती रे?”

“पॉवर म्हणाल तर शंभराला सव्वीस जास्त, काका.”

“म्हणजे शंभर किलोचा माल काट्यावर एकशे सव्वीस दाखवायचा.”

“कानाला तेवढे वाटत नाही,” तो म्हणाला. “जेमतेम कळते. म्हणून तर खपते. पुष्कळजण करतात.”

शेवटचे वाक्य त्याने माझ्या सोयीसाठी जोडले होते, हे मला समजले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे; आणि त्याच्या शेजारीच प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे हलका माल भारी म्हणून देणे. पाठशाळेत आम्ही ते घोकले, आणि वखारीच्या मोजपट्टीवर मी आयुष्यात कधी अंगठा ठेवला नाही. मला त्याचा अभिमान होता. पण पट्टी सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. ज्या मापाला दोन टोके नाहीत, जे दुसऱ्या कोणाला दिसतही नाही, असे माप हाती येण्याचा प्रसंग मला तोवर आलाच नव्हता. आला, तेव्हा मी दोन खुणा पुढे गेलो. घाटात टेंपो हळू चालला होता आणि मागे ती खोकी दोरखंडाने आवळलेली होती. वळणावळणाला त्यांचा दाब पाठीला जाणवत होता.

ते दांपत्य माघात चांद्याला आले. आधी फोन केला नव्हता. भातकापणी होऊन खाचरे मोकळी पडली होती आणि रस्त्यावर खडीच्या डंपरांची रांग होती, म्हणून ऐकण्याचे काम संध्याकाळवर ढकलले. तोवर पुतण्याने त्यांना कारखाना दाखवला, बाईंनी एक उघडे खोके ठोकून पाहिले आणि मी आपसूक म्हणालो, “हा बोलत नाही.” त्या हसल्या. त्यांनी आईची एक जुनी तबकडी पिशवीतून आणली होती, कडेला थोडी झिजलेली. परदेशी जोडी मित्राला परत गेली होती, त्यामुळे तुलनेचा प्रश्न उरला नव्हता. तबकडीची एक बाजू पूर्ण ऐकून झाल्यावर गृहस्थांनी विचारले, “त्या दिवशी तुम्ही सांगितले नसते तर आम्हाला कळले असते का?”

“नाही,” पुतण्या म्हणाला.

मी सांगितले, की आकडा मी वाढवला होता, चुकून नव्हे. खोलीत काही क्षण कोणी बोलले नाही. बाई तबकडी पाकिटात घालत होत्या, त्यांनी ती पुन्हा बाहेर काढली आणि म्हणाल्या, “दुसरी बाजूही ऐकू या.”

त्या रात्री विक्री झाली नाही. पुढच्या आठवड्यात पुतण्या त्यांच्या एरंडवण्याच्या घरी गेला, खोली मोजली. अकरा फूट बाय बारा. पावणेदोन लाखांची जोडी तेथे नुसती घुमेल, असे त्याने त्यांना सांगितले आणि ऐंशी हजारांची लहान जोडी सुचवली. ती आता तेथे आहे. बिलाच्या मागे त्याने पातळीचे आकडे, खुर्चीचे अंतर आणि भिंतीपासूनची जागा लिहून दिली आहे. मीही त्याखाली सही केली, कोणी मागितली नसताना.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा खोली घ्यायची असे ठरले आहे. बेचाळीस किलोची खोकी, मालवाहू लिफ्ट, गाद्या, सारे तसेच. एक बदल आहे. रिमोट पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या हाती द्यायचा आणि दोन आकड्यांचा पुठ्ठा त्याच्या समोर टांगायचा. माझ्याकडे पाण्याचा तांब्या आणि पेले.